आधी कफ, मग पोर्टल

संपादक महोदय,

समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचा अभ्यासक्रम 6 महिन्यांचा. खरं शिक्षण गावातल्या आरोग्य उपकेंद्रात सुरू होतं. रक्तदाब मोजण्याआधी रुग्णाला 5 मिनिटं बसवावं, कफ (दंडाला गुंडाळायचा पट्टा) हृदयाच्या पातळीत हवा. जाड दंडाला लहान कफ लावला की आकडा फुगतो, आणि नसलेल्या आजाराची गोळी सुरू होते. रक्तातली साखर तपासायच्या पट्ट्या सहसा 30 अंशांपर्यंत ठेवायच्या; जळगाव-धुळ्याच्या मे महिन्यात, तेही डबीचं झाकण उघडं, तर रीडिंगवर काय भरवसा? धडगाव-अक्कलकुव्यात सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह आली, तरी वाहक की रुग्ण हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या तपासण्यांवरच ठरतं. प्रशिक्षणात मात्र ऑनलाइन नोंदींचं पोर्टल कसं भरायचं, हेच जास्त! त्याऐवजी महिन्यातून एकदा वैद्यकीय अधिकाऱ्यांनी शेजारी बसून 10 रुग्णांच्या नोंदी तपासाव्यात.

– काही आरोग्य कर्मचारी, चोपडा