पाय, पाऊस आणि नानांची वही

औसा, जि. लातूर
१७ जुलै

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

फोनवर तू हसला होतास, "तळहाताएवढ्या बोर्डावर कसला सर्व्हर चालवतोस?" चालला बघ. पण काम अर्धंच झालंय, उरलेलं अर्धं तुझ्याकडे आहे, म्हणून हे पत्र.

नाना रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजून वहीत लिहितात, तुला माहीतच आहे. पेरणीच्या दिवसांत लोक बांधावरूनच फोन लावतात, "नाना, काल किती मिलिमीटर?" म्हटलं, आकडे एका पानावर टाकू, ज्याचं त्यानं बघावं. जुना रास्पबेरी पाय ३, म्हणजे तोच तळहाताएवढा संगणक, कपाटात पडून होता. नानांना नाव सांगितलं तर म्हणाले, "कुणाचा पाय?" तेव्हापासून घरात तो 'पाय'च झाला. आई झाडताना ओरडते, "उचल तुझा पाय!"

मांडणीला काही लागलं नाही. मेमरी कार्डावर रास्पबेरी पाय ओएस या त्याच्या प्रणालीची हलकी आवृत्ती टाकली, एसएसएच (दुरून सुरक्षितपणे आत शिरायची सोय) चालू करून लॅपटॉपवरून आत शिरलो, पान दाखवणारं एनजिनएक्स बसवलं. एक जीबी रॅम अशा साध्या पानाला उरून पुरते.

खरा खेळ विजेचा. पहिले आठ दिवस गडी मधूनच मान टाकायचा. लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, उघडला तर 'अंडर-व्होल्टेज'ची, म्हणजे वीज कमी पडल्याची, रांग. मी मोबाइलचा जुना चार्जर लावला होता. याला पाच व्होल्टला अडीच अँपिअरचा अडॅप्टर सांगितलाय, आणि माझी वायर लांबलचक, दोऱ्यासारखी बारीक. व्होल्टेज तिच्यातच उतरायचं. ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की बोर्ड बोंब मारतो. चांगला अडॅप्टर आणि वीतभर जाड वायर आणली, बोंब थांबली.

मग लोडशेडिंग. लिहिणं चालू असताना लाइट गेली की कार्डावरची फाइल सिस्टिम बिघडते, हे वाचून माहीत होतं. एका रात्री तीनदा लाइट गेली आणि सकाळी पाय उठलाच नाही. नवं कार्ड घालून सगळं पुन्हा केलं आणि या खेपेला शहाणपणा म्हणून ओव्हरले फाइल सिस्टिम चालू केली. म्हणजे कार्डाला हातच लागत नाही, सगळं लिहिणं रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत. मी खूश! तीन दिवस नानांचे आकडे भरले. चौथ्या दिवशी लाइट गेली, आली, आणि पानावर ते तीन दिवस कोरडेच. रॅममधलं सगळं वाहून गेलं होतं. नानांनी काही न बोलता चष्मा लावला, वही उघडली आणि वाचून दाखवलं, "बावीस. शून्य. साडेसात." आता आकड्यांची फाइल पेनड्राइव्हवर ठेवलीय, आणि पाय राउटरसोबत इन्व्हर्टरवर.

वही चाळताना २०१६ चा एप्रिल लागला. पावसाच्या रकान्यात शून्यामागून शून्य, आणि १२ तारखेसमोर फक्त एवढंच: "मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली." तेही पान मी जसंच्या तसं चढवलंय. आकडा नाही म्हणून गाळावं असं वाटलं नाही.

आता तुझं काम. पान घरच्या वायफायवर झकास दिसतं, बांधावरच्या माणसाला दिसत नाही. बाहेरून येणाऱ्याला पायाकडे वळवायला राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करून दमलो. शेवटी बघितलं, राउटरला मिळालेला पत्ताच १०० नं सुरू होणारा, सीजीनॅटचा, म्हणजे इंटरनेट कंपनीनं अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता दिलेला. मोठ्या वाड्याला एकच दरवाजा असावा आणि पोस्टमनला कुणाची खोली कुठली ते ठाऊक नसावं, तसं झालंय. बाहेरून आत येता येत नाही, पण आतून बाहेर जाता येतं. तेव्हा तुझ्या पुण्याच्या भाड्याच्या सर्व्हरवर मला एक कोपरा दे. इथून पाय तिकडे एसएसएचचा उलटा बोगदा काढून ठेवील, लोक तुझ्या दारातून आत येतील. तुझ्या सर्व्हरची जी काही सेटिंग लागतील ती मीच लिहून पाठवतो, तू फक्त माझी एसएसएचची किल्ली (ओळख पटवणारी फाइल) तिथे बसव.

येळवशीला (वेळ अमावास्येला) येच. आईनं आत्ताच भज्जी-आंबिलीचं बोलून ठेवलंय. येताना पुण्यातनं चांगल्या कंपनीची दोन मेमरी कार्डं आण, एक जास्तीचं जवळ असलेलं बरं.

तुझा,
बंडू

ता. क. आज सकाळी १८ मिलिमीटर. सोयाबीन हसतंय.