ताई, दुकान चालू आहे ते तुमच्यामुळे

ताई,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही लगेच मुलांचा विषय काढता, म्हणून हे जाहीर पत्र. टेक्सासमध्ये व्हेपचं, म्हणजे ई-सिगारेटचं, छोटं दुकान चालवणारी मराठी माणसं थोडीच असतील, पण त्यांना आणि इतरांनाही कळू दे की आमचा हिशेब बघणाऱ्या तुम्ही आमच्यासाठी काय केलंत.

२०२१च्या कायद्याने ई-सिगारेट विकायला राज्याचं वेगळं परमिट लागू झालं, प्रत्येक दुकानाला स्वतंत्र. तो अर्ज तुम्हीच भरून घेतलात. जानेवारी २०२४पासून कार्टूनची किंवा गोळ्या-चॉकलेटसारखी दिसणारी खोकी बंद झाली. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर अमेरिकेच्या केंद्र सरकारचा नियम आला, तिशीच्या आतल्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं फोटो ओळखपत्र तपासायचं. हे सगळं निभावलं. पण १ सप्टेंबर २०२५च्या राज्याच्या नियमाने आमची झोप उडाली. चीनमध्ये बनलेले व्हेप विकणं गुन्हा, वर्षभरापर्यंत कैद आणि चार हजार डॉलरपर्यंत दंड. आमच्या फळ्यांवरचा बहुतेक माल तिथलाच! माल देणारा म्हणत होता, "कोण बघायला येतंय? विकत राहा."

तुम्ही मात्र कायद्याची छापील प्रत घेऊन दुकानात आलात. शटर अर्धं ओढून आपण जमिनीवर बसलो. एकेक खोकं उलटं करायचं, खालची बारीक अक्षरं मोबाइलच्या उजेडात वाचायची आणि बाजूला ठेवायचं. चीनचा माल एका ढिगात, त्याच नियमाने बंद झालेला गांजातल्या घटकांचा माल दुसऱ्यात आणि पेन किंवा हायलायटरसारखे दिसणारे व्हेप तिसऱ्यात. शंका आली की तुम्ही ते कलम मोठ्याने वाचायचात आणि मला मराठीत समजावून सांगायचात. शेवटी विकता येण्यासारखा माल एका फळीवर मावला. ते पाहून सौ. रडायला लागली. तुम्ही तिला जवळ घेतलंत आणि मग वही काढून विचारलंत, "भाडं किती? पगार किती? आता बसा, यात कसं भागवायचं ते बघू."

ताई, तुम्हाला तंबाखू मुळीच पटत नाही, हे मला ठाऊक आहे. भारतात २०१९पासून ई-सिगारेटवर सरसकट बंदी आहे, त्यामुळे गावाकडे धंदा काय ते सांगताना घरचे अजून अडखळतात. इथेही काही ओळखीच्यांनी तोंड फिरवलं. तुम्ही फिरवलं नाहीत. एकच अट घातलीत, एकवीसच्या आतल्या मुलाच्या हातात इथून काही जाता कामा नये. कायदाही तेच सांगतो, पण तुमच्या तोंडून ते ऐकताना माझ्या पोरांचे चेहरे डोळ्यांपुढे आले. त्या रात्री दुकानात कामाला लागलेल्या नव्या मुलाला समोर बसवून तुम्ही त्याच्याकडून, लहानांना विकायचं नाही हे सांगणारं नोकरांचं लेखी पत्रक वाचून घेतलंत, सही करवलीत. ओळखपत्रावरची जन्मतारीख आधी बघायची, चेहरा नंतर, हे तुम्ही त्याला शिकवलंत. आजही तो तसंच करतो, रांग कितीही लांबली तरी.

विक्री कमी झाली आहे, खोटं कशाला बोलू? पण दुकान उघडं आहे, दोन माणसांचा पगार निघतो आणि तपासनीस आला तरी छातीत धडधडत नाही. हे सगळं तुम्ही हिशेबाच्या कामाची फी न घेता केलंत, आणि तेही तुमच्या कामाच्या ऐन गर्दीत.

सम वर्षातल्या ३१ मेला परमिट संपतं, म्हणजे नूतनीकरणाला पुन्हा तुमच्याकडेच यायचं आहे. त्या वेळी फीचं बिल द्यायचं, ताई. नाही म्हणायचं नाही. सौ.ने पुरणपोळीचंही ठरवून टाकलं आहे, तेव्हा घरच्या सगळ्यांना घेऊन या.

तुमचा धाकटा भाऊ,
ह्यूस्टन