पडद्यावरची वाईट बाई

मनिला

तीर्थरूप आप्पांना,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

तुमचे पत्र पोचले. रक्तदान शिबिरासाठी माणसे गोळा करताना तुमची किती दमछाक झाली ते वाचले, म्हणून आज माझ्या नोकरीविषयी न लिहिता येथील एका जुन्या अभिनेत्रीविषयी लिहितो. त्यांचे नाव रोसा रोसाल.

त्यांचा जन्म १९२८ चा आणि मूळ नाव फ्लोरेन्स दानोन. पडद्यासाठी घेतलेल्या नावातील ‘रोसा’ म्हणजे गुलाब आणि ‘रोसाल’ म्हणजे आपला अनंत, हे घरमालकीणबाईंकडून कळले तेव्हा मला आपल्या परसातला अनंत आठवला. मात्र अशी दोन फुले नावात असलेल्या या बाईंच्या वाट्याला आरंभी आल्या त्या भुरळ घालून दुसऱ्याचा संसार मोडणाऱ्या बायकांच्या भूमिका. अशा खलपात्राला येथे ‘कोंत्राबिदा’ म्हणतात. लहानपणी पडद्यावर रोसाबाई दिसल्या की आपण चिडून खुर्चीत चुळबुळ करायचो, असे घरमालकीणबाई अजूनही सांगतात.

त्या एलव्हीएन या चित्रसंस्थेच्या कलावंत. १९३८ साली निघालेल्या या संस्थेचे नाव म्हणजे दे लेओन, व्हियोंको आणि नावोआ या तीन कुटुंबांची आद्याक्षरे. (तिच्या प्रतिस्पर्धी संस्थेचे नाव होते साम्पागिता, म्हणजे मोगरा. येथील चित्रव्यवसायाला फुलांचे भारीच वेड दिसते.) १९५५ च्या ‘सनी बॉय’साठी रोसाबाईंना फामास हे येथील मानाचे पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी लाम्बेर्तो आवेल्लाना यांनी त्यांना ‘आनाक दालिता’मध्ये घेतले, आणि तो चित्रपट हाँगकाँगच्या आशियाई महोत्सवात सर्वोत्कृष्ट ठरला.

हा चित्रपट मी दोनदा पाहिला. १९४५ च्या लढाईत मनिलाचा इंत्रामुरोस हा जुना तटबंदीचा भाग जमीनदोस्त झाला होता, आणि तेथील पडक्या चर्चच्या भिंतींच्या आडोशाने बेघर कुटुंबांनी झोपड्या घातल्या होत्या. त्या वस्तीतच कथा घडते. कोरियाच्या युद्धातून परतलेला सैनिक आणि रात्रीच्या क्लबात काम करणारी सीता ही त्यातील मुख्य पात्रे. तिचे नाव आपल्या सीतेसारखे ऐकू आले, तरी ते तसे नाही. लोक जिला वाईट चालीची म्हणून बोट दाखवतात, तिच्या मनाचा कणखरपणा रोसाबाईंनी एकही अश्रू वाया न घालवता उभा केला आहे. इतकी वर्षे कोंत्राबिदा साकारल्यामुळेच त्यांना हे साधले असावे, असे माझे मत आहे.

१९५९ च्या ‘बियाया नग लुपा’मध्ये तर त्या शेतकरीण झाल्या. लान्झोनेस नावाच्या फळाची बाग नवऱ्यासोबत लावायची, नवऱ्याचा खून झाल्यावर मुलांना आणि झाडांना दोन्ही जपायचे, एवढीच कथा. पण कोकणातल्या कोणत्याही आंबेवाल्याला ती आपलीच वाटेल.

एलव्हीएनचे चित्रपट काढणे १९६१ च्या सुमारास थांबले. रोसाबाई मात्र तोवर रेडक्रॉसच्या कामात पुरत्या गुंतल्या होत्या. रक्त द्या, असे सांगत फिरणारा चेहरा म्हणून देश त्यांना ओळखू लागला. १९७५ पासून दूरदर्शनवरील ‘कापवा को माहाल को’ या गरजू रुग्णांसाठीच्या कार्यक्रमातही त्या दिसू लागल्या. १९९९ साली त्यांना लोकसेवेसाठी मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार आपल्याकडे प्रथम विनोबांना मिळाला, १९५८ साली, हे तुम्हीच मला शिकवले होते. याच लोकसेवा विभागात १९८५ मध्ये बाबा आमटे आणि १९९३ मध्ये पुण्याच्या बानू कोयाजी यांची नावे आहेत. ज्या यादीत आपण आनंदवनाचे नाव अभिमानाने वाचतो, त्याच यादीत पडद्यावर घरे मोडणारी ही बाई आहे, याचा मला फार आनंद झाला.

तेव्हा पुढच्या शिबिरासाठी आपल्या गावच्या नाटकमंडळीतील खलनायकाला घरोघर पाठवून पाहा. त्याला नाही म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

आईस नमस्कार. लान्झोनेस फार दिवस टिकत नाहीत, म्हणून पाठवता येत नाहीत, एवढे तिला सांगावे.

कळावे, लोभ असावा.

तुमचा,
धाकटा