बँडचा आवाज २०१३ मध्ये बदलला नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या बँडवरच्या लेखाबद्दल कालच्या अंकात आपण तीन पत्रे छापलीत. एकाच्या मते मूळ गिटारवादक सुश्मित सेन २०१३ मध्ये बँड सोडून गेला आणि बँड संपला. दुसऱ्याच्या मते उरलेल्यांनी आता नाव बदलावे. तिसऱ्या पत्रात तर त्याच्या जागी आलेल्या निखिल रावला उसना माणूस म्हटले आहे. तिन्ही पत्रलेखक जुने चाहते आहेत हे कळते, त्यांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण इतकी वर्षे ऐकूनही त्यांनी फक्त गिटारच ऐकली का, असा प्रश्न पडला म्हणून लिहितो आहे.

सुश्मितची गिटार मलाही आवडते. तारा मोकळ्या सोडून तो एकच सुरावट घोळवत राहतो, घाई करत नाही, आणि कधी ती सतारीकडे झुकते ते कळत नाही. निखिल रावचे वाजवणे वेगळे आहे. त्याच्या इलेक्ट्रिक गिटारचा सूर जाड आहे, ताना लांब आहेत. फरक आहेच. पण हा फरक २०१३ मध्ये एकदम पडला असे जे सांगतात, त्यांनी २००९ साल सोडून दिले आहे. त्या वर्षी २५ डिसेंबरला बँडचा गायक आणि तबलावादक असीम चक्रवर्ती वारला. तिन्ही पत्रांत त्याचे नावही नाही.

असीम मांडी घालून बसायचा, तबला वाजवायचा आणि त्याच वेळी गायचा. मी स्वतः क्लॅरिनेट वाजवतो, त्यामुळे श्वासाचा हिशेब मला ठाऊक आहे. गाणे आणि ठेका एकाच माणसाच्या छातीतून येत असले, की ओळ लांबवताना हातही तेवढाच रेंगाळतो. पुढची थाप कुठे टाकायची, हे त्याला कुणाला विचारावे लागत नाही. असीमनंतर गायला हिमांशू जोशी आला आणि तबल्यावर तुहीन चक्रवर्ती. दोघेही तयारीचे. पण एका माणसाची जागा दोघांनी घेतली, की एकमेकांकडे बघावे लागते, जागा ठरवाव्या लागतात, आणि गाण्याची चालच बदलते. सुश्मितची गिटार ज्या तबल्याला टेकून उभी होती तो तबला गेल्यावर तीही पूर्वीसारखी राहिली नसती. २०१०पासून बँडने ‘१६/३३० खजूर रोड’ या अल्बममधली गाणी महिन्याला एक अशी फुकट दिली. त्यांत असीमचा आधी ध्वनिमुद्रित केलेला आवाज आहे. त्यानंतरचे काहीही लावा आणि मग सांगा, आवाज कधी बदलला.

आणि मूळ माणसे म्हणजे कोणती? बँडचे नाव ठेवले गेले १९९० मध्ये. बास गिटार वाजवणारा राहुल राम आला १९९१ मध्ये, ड्रमवाला अमित किलम १९९४ मध्ये. ज्यांच्याशिवाय हा बँड आज डोळ्यांपुढे येत नाही ते दोघेही कुणाच्या तरी जागी आलेले आहेत. त्यांना कुणी उसने म्हणत नाही.

हे मी इतक्या रागाने लिहितो याला कारण आहे. अमळनेर तालुक्यातल्या एका लग्नाच्या बँडमध्ये मी अशाच गेलेल्या माणसाच्या जागी लागलो होतो. आधीचा क्लॅरिनेटवाला पंचक्रोशीत नावाजलेला. चातुर्मासात काम नाही, घरी खाणारी तोंडे जास्त, म्हणून तो सुरतला निघून गेला. वरातीत लोक माझ्या तोंडासमोर विचारायचे, ‘तो जुना कथा गया?’ म्हणजे तो जुना कुठे गेला? मालकाने मला त्याची टेप दिली आणि तसेच्या तसे वाजव म्हणून सांगितले. मी ती पाठ केली. त्याच्या हरकती, त्याचे दम घेण्याचे ठिकाण, सगळे उचलले. तर हळदीच्या रात्री म्हणाले, हा नुसती नक्कल करतो. पुढच्या लग्नात मी माझ्या मनाने वाजवले, तर म्हणाले, याने चाल बिघडवली. पारोळ्याकडच्या एका यजमानाने ‘माणूस बदलला’ असे सांगून ठरलेल्या सुपारीतून पैसे कापले. मालकाने ते माझ्या वाट्यातून वळते केले. सूर चुकला असता तर मी मान खाली घातली असती. पण चुकले काय हे कुणी सांगेना, मी तो नव्हतो एवढेच.

त्या जुन्या वादकाबद्दल माझ्या मनात तेव्हाही काही नव्हते आणि आजही नाही. त्याने जायचे ठरवले, तो त्याचा हक्क. पण गेलेल्याचे प्रेम नव्या माणसावर दगड मारून दाखवायचे, ही कुठली रसिकता? तिन्ही पत्रलेखकांपैकी एकानेही निखिल रावचा अमुक तुकडा अमुक ठिकाणी फसला असे लिहिलेले नाही. लिहिले असते तर मी वही घेऊन बसलो असतो.

आता मूळ लेखाबद्दल. बँडचे ‘मा रेवा’ हे गाणे म्हणजे मध्य प्रदेशातले लोकगीत, असे एका ओळीत उरकून लेखक पुढे गेले. रेवा म्हणजे नर्मदा. राहुल राम नर्मदा बचाओ आंदोलनात काम करत होता, त्या वर्षांतून ते गाणे बँडकडे आले. नर्मदा ही आपल्या नंदुरबार जिल्ह्याची उत्तरेची हद्द आहे. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली गावे सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेली. त्यांतल्या मणिबेलीचे नाव आपल्याच अंकांतून आम्ही वाचत आलो. याच बँडचे ‘चीतू’ हे भिल्ल बंडकऱ्याचे गाणे अलीराजपूर भागातले, म्हणजे धडगावहून नदी ओलांडली की पलीकडचेच. खान्देशात खपणाऱ्या वर्तमानपत्राने या बँडवर अर्धे पान द्यावे आणि त्यात खान्देशचा एक शब्द नसावा, याचे फार वाईट वाटले. वादकांच्या कपड्यांवर मात्र परिच्छेद होता.

माझी विनंती एवढीच की हे पत्र छापताना नर्मदेचा मजकूर जागेअभावी कापू नये. कापायचेच असेल तर माझ्या बँडची हकिगत कापा. आणि या विषयावर पुन्हा लेख येणार असेल तर तुहीन चक्रवर्तीचे नाव त्यात असू द्या. तो असीमच्या तबल्यामागे बसला आहे आणि आपल्या लेखातही त्याचा उल्लेख नव्हता.

आपला,
एक वाचक, शिरपूर (जि. धुळे)