घसा ठणठणीत आहे, अव्या

प्रिय अव्या,

दर्ग्यातल्या उरुसाच्या संगीत सभेला तू 'घसा बसलाय' असं कळवून मोकळा झालास, आणि त्याच पत्रात खाली लिहितोस की डॉक्टरांनी दुर्बीण घालून घसा ठणठणीत असल्याचं सांगितलं. मग आता घशाचा पिच्छा सोड की लेका. पहाटे घरी तार षड्ज स्वच्छ लागतो आणि माइकसमोर गळा आवळतो, त्याला ज्येष्ठमध काय करणार?

मी थेरपीला जातो हे तुला ठाऊक आहे, पण तिथे काय चालतं ते तू कधी विचारलं नाहीस. मला वाटलं होतं, बाई माझं लहानपण उकरून काढतील. त्यांनी एवढंच विचारलं, "तिसरी घंटा झाली, तुम्ही विंगेत उभे आहात. मनात काय म्हणता?" म्हटलं, भीती वाटते. "ते झालं छातीचं. वाक्य सांगा." बराच वेळ गेला, मग वाक्य निघालं : आज एक जरी संवाद विसरलो तरी माझी लायकी सगळ्यांना कळेल. वीस वर्षं नाटकात काढून मी हे रोज पुटपुटत होतो, आणि मलाच पत्ता नव्हता.

त्यांची पद्धत मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची. अमेरिकेत १९५५च्या सुमारास त्यांनी ती मांडली आणि मराठीत कि. मो. फडक्यांनी रुजवली. प्रयोग रंगावा अशी इच्छा जरूर धरा, पण तिचा हट्ट करू नका; आणि एका प्रयोगावरून अख्ख्या माणसाला नापास करू नका. ऐकायला सोपं आहे. अंगात मुरावं म्हणून गृहपाठ असतो. मला काय मिळाला, माहितीये? भरल्या बसमध्ये स्टॉपची नावं मोठ्यांदा पुकारायची. हाही एलिस यांचाच प्रकार. चारचौघांत मुद्दाम हसं करून घ्यायचं आणि आपण मरत नाही हे बघायचं. मी 'डेक्कन! डेक्कन आलं!' असं ओरडलो. दोन कॉलेजच्या पोरी फिसकन हसल्या, कंडक्टर म्हणाला, "मास्तर, आधी तिकीट काढा." कान तापले, पुढच्या स्टॉपपर्यंत निवलेही.

तू लिहितोस, भीती गेली तर गाण्यातली आर्तताही जाईल. ही समजूत आपण कलावंतांनीच लाडाने पोसलीय. रशियन संगीतकार रॅखमॅनिनॉफचं बघ. १८९७ साली पीटर्सबर्गला त्याची पहिली सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, सपशेल पडली. त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं त्याच्या हातून मोठं काही लिहून झालं नाही. १९०० साली मॉस्कोत तो निकोलाय डाल या डॉक्टरांकडे जाऊ लागला. संमोहन होतं, गप्पाही होत्या. डाल स्वतः हौशी वादक. पुढे दुसरा पियानो कॉन्चेर्तो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदाची रचना, झाला, तो त्याने डाल यांनाच अर्पण केला. यूट्यूबवर ऐक आणि आर्तता कुठे कमी पडली ते मला सांग. श्रेय एकट्या डॉक्टरांचं असं मी म्हणणार नाही, पण वाजवणारा डॉक्टर मिळणं हे भाग्यच. म्हणून तूही विचारून घे, रियाज म्हणजे काय, बिदागी उशिरा येते म्हणजे काय, हे समोरच्याला कळतं का. न कळलं तर दुसरा बघ, त्यात भीड कसली?

आणि वयाचं सांगू नकोस. लॉरेन्स ऑलिव्हिए या बड्या इंग्रज नटाला साठीच्या जवळ असताना रंगमंचाच्या भीतीने गाठलं. शेक्सपिअरचं ऑथेल्लो करताना इयागो करणाऱ्या नटाला तो विनवायचा, विंगेत मला दिसशील असा उभा राहा.

तुझ्या तबलजीने सुचवलेली धडधड थांबवणारी गोळी मात्र परस्पर घेऊ नकोस. तिने हात थरथरायचे थांबतात हे खरं, पण दमेकऱ्याला ती धोक्याची, आणि तुझा पंप अजून खिशात असतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही म्हणजे नाही.

पैशाची अडचण असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, १४४१६. फुकट आहे, मराठीत बोलतात. सुरुवातीला तेही चालेल. पण जमलं तर इकडेच ये. बाईंना विचारून ठेवलंय, पहिली भेट समोरासमोर आणि पुढच्या व्हिडिओवर चालतील म्हणाल्या. मिरजेहून कोयना एक्सप्रेसमध्ये बस, स्टेशनवर घ्यायला येतो. वहिनींना खरं कारण सांगून नीघ. गुरुजींना सांगायचं की नाही, ते तुझं तू बघ.

तुझा,
नंदू