ओळखीचं वाटतंय म्हणालास, म्हणून लिहितोय

प्रिय मित्रा,

तुझं पत्र परवा मिळालं. एडब्ल्यूएसची (अॅमेझॉनच्या क्लाउड सेवेची) एआय प्रॅक्टिशनर परीक्षा ऑफिसने सगळ्या टीमच्या गळ्यात मारलीय, तुझ्या हातात जेमतेम सव्वा महिना उरलाय, इथवर वाचलं तेव्हा म्हटलं, ठीक आहे, हा करेल. पण शेवटी तू लिहिलंयस, "दोन कोर्स पाहून झाले, नोट्स दोनदा वाचल्या, आता सगळं ओळखीचं वाटतंय." तिथे मात्र मी थांबलो. हे वाक्य गेल्या वर्षी मी शब्दशः घरी बोललो होतो. त्यानंतर पंधरा दिवसांनी ६६८ गुण मिळवून गप्प बसलो. पास व्हायला ७०० लागतात.

हो, मी एकदा नापास झालोय. "तारीख पुढे ढकललीय" असं तुला सांगितलं होतं ना, ती थाप होती. पुन्हा बसायला चौदा दिवस थांबावंच लागतं, त्या दिवसांत ही थाप फार उपयोगी पडली. आता तू त्याच वाटेने निघालायस, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही.

आधी त्या गुणांचं सांगतो, कारण माझी पहिली फसगत तिथेच झाली. गुण १०० ते १००० या पट्टीवर मोजतात. ७०० म्हणजे सत्तर टक्के असं मी धरून चाललो होतो. तसं नाही. पट्टीवरचे गुण आणि बरोबर उत्तरांची टक्केवारी यांचा थेट हिशेब जुळत नाही. मी सराव परीक्षेत ७२ टक्के पडल्यावर पुस्तकं मिटली. त्यात ती सराव परीक्षा मी तिसऱ्यांदा देत होतो! तिसऱ्या खेपेला प्रश्नाची पहिली ओळ दिसली की बोट आपोआप योग्य पर्यायावर जायचं. मला उत्तर येत नव्हतं, प्रश्नाचा चेहरा ओळखीचा झाला होता एवढंच.

आणि "ओळखीचं वाटणं" ही अशीच फसवी गोष्ट आहे बघ. रोडिगर आणि कार्पिके या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली केलेला एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहून काढला. पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासलं तर चित्र उलटं: आठवून लिहिणाऱ्यांना साधारण ५६ टक्के आठवत होतं, वाचणाऱ्यांना ४२. म्हणजे आज रात्री नोट्स वाचून झोपताना जो आत्मविश्वास वाटतो ना, तो त्या पाच मिनिटांचा असतो.

आता तुला मी नेमका कुठे आपटलो ते दाखवतो. प्रिसिजन आणि रिकॉल. दोन्ही व्याख्या मला झोपेतून उठवून विचारल्या असत्या तरी म्हणून दाखवल्या असत्या. समज, हजार व्यवहारांपैकी दहा फसवणुकीचे आहेत. एखादं मॉडेल काहीही न तपासता सगळ्यांना "ठीक" म्हणालं, तर त्याची अचूकता किती? ९९ टक्के. आणि पकडले किती? एकही नाही, म्हणजे रिकॉल शून्य. आता दुसरं मॉडेल घे. त्याने वीस व्यवहारांवर बोट ठेवलं, त्यातले आठ खरोखर फसवणुकीचे निघाले. बोट ठेवलेल्या वीसपैकी आठ खरे, म्हणजे प्रिसिजन ४० टक्के. खऱ्या दहापैकी आठ सापडले, म्हणजे रिकॉल ८० टक्के. इथपर्यंत सगळं येत होतं.

परीक्षेत मात्र कोणी व्याख्या विचारत नाही. आजाराची चाचणी, कोणाचा आजार नजरेतून सुटला तर परिणाम गंभीर, अशा वेळी कोणतं मोजमाप धरावं, असा काहीसा प्रश्न पडतो. मी मनात म्हटलं, आजाराचं निदान म्हणजे काटेकोर हवं, काटेकोर म्हणजे प्रिसिजन. आणि ठोकून दिलं. उत्तर होतं रिकॉल, कारण इथे सुटणं महाग आहे. उलट स्पॅमची चाळणी असेल, तर कामाची मेल कचऱ्यात जाणं महाग, तिथे प्रिसिजन. हा "महाग काय" प्रश्न मी एकदाही स्वतःला विचारला नव्हता. नंतर मी एक सवय लावून घेतली: प्रत्येक संज्ञेपुढे व्याख्येऐवजी एक वाक्य लिहायचं, "हे तेव्हा वापरायचं जेव्हा..." आणि त्याच्याखाली दुसरं, "...असेल तर मात्र हे नाही." दुसरं वाक्य जमत नसेल, तर ती गोष्ट मला येत नाही असं समजायचो.

जवळजवळ सगळी परीक्षा अशा जोड्यांवरच चालते. चारातले दोन पर्याय तू पटकन खोडशील, उरलेले दोन सख्खे भाऊ असतात. कंपनीची नियमावली दर आठवड्याला बदलते आणि चॅटबॉटने त्यातून उत्तरं द्यायची आहेत, तर मॉडेलला नव्याने शिकवत बसायचं की उत्तर देण्याआधी त्याला योग्य कागद शोधून पुढ्यात ठेवायचा? दुसरं, म्हणजे रॅग. पण कागद कुठलाही असो, लिहिण्याची ढब आणि साचा विशिष्टच हवा, आणि नमुने भरपूर हाताशी आहेत, तर फाइन-ट्यूनिंगकडे, म्हणजे त्या नमुन्यांवर मॉडेलला आणखी शिकवण्याकडे, वळायचं. आणि नुसता प्रॉम्प्ट नीट लिहून भागत असेल तर या दोन्हींच्या नादी लागायचं नाही. टेम्परेचरचंही तसंच, म्हणजे मॉडेलने शब्द निवडताना किती मोकळं सुटायचं ते ठरवणारं बटण. ते शून्यावर आणलं की उत्तर खरं येतं, असं मी कितीतरी दिवस समजत होतो. उत्तर फक्त कमी भटकतं. चुकीचं असेल तर तेच चुकीचं उत्तर पुनःपुन्हा, ठामपणे येतं.

सेवांच्या नावांनी तर माझा अंत पाहिला. टेक्स्ट्रॅक्ट, ट्रान्सक्राइब, ट्रान्सलेट. घाईत तिन्ही एकसारखी दिसतात. पहिली स्कॅन केलेल्या कागदातून मजकूर काढते, दुसरी बोललेलं लिहून देते, तिसरी भाषांतर करते. पॉली लिहिलेलं बोलून दाखवते. बेडरॉक म्हणजे तयार फाउंडेशन मॉडेल (प्रचंड डेटावर आधीच शिकवलेलं, अनेक कामांना चालणारं) एपीआयवरून, म्हणजे आपल्या प्रोग्रॅममधून थेट बोलावून, वापरा, सेजमेकर म्हणजे स्वतःचं मॉडेल घडवा. रूज आणि ब्लू ही मॉडेलने लिहिलेला मजकूर तपासायची मोजमापं: सारांशाची पारख रूजने करतात, भाषांतराची ब्लूने. हे दोन मी परीक्षेच्या आदल्या रात्रीसुद्धा उलटे म्हणत होतो. "बायस" हा शब्द तर डबल रोल करतो. एका प्रश्नात तो माणसांच्या बाबतीतला पक्षपात असतो, दुसऱ्यात मॉडेल फार साधं राहिल्याने होणारी चूक. आजूबाजूला "व्हेरिअन्स" किंवा "अंडरफिटिंग" दिसलं तर दुसरा अर्थ घे.

आता जिथे माझे गुण खरे वाहून गेले ते. अधिकृत एक्झाम गाइड मी पहिल्या दिवशी उतरवून घेतलं आणि शेवटपर्यंत उघडलं नाही. त्यात विषयांचं वजन सरळ लिहिलंय: एआय आणि मशीन लर्निंगची मूलतत्त्वं २० टक्के, जनरेटिव्ह एआय २४, फाउंडेशन मॉडेलचा वापर २८, जबाबदार एआय १४, सुरक्षा-अनुपालन-गव्हर्नन्स १४. शेवटचे दोन मी "हे काय, शहाण्या माणसाला कळतंच" म्हणून सोडून दिले होते. दोन्ही मिळून २८ टक्के! आणि तिथे शहाणपण कोणी विचारत नाही. विचारतात ते असं: डेटातला आणि मॉडेलमधला पक्षपात तपासायला काय (सेजमेकर क्लॅरिफाय), मॉडेल कशासाठी बनवलं आणि कुठे वापरू नये याची नोंद कशात (मॉडेल कार्ड), चालू मॉडेल हळूहळू घसरतंय का हे कोण पाहणार (मॉडेल मॉनिटर). कोणी कोणता एपीआय कॉल केला हे क्लाउडट्रेलमध्ये सापडतं, सेटिंग कधी बदललं हे कॉन्फिगमध्ये. सद्सद्विवेकबुद्धीला यातलं काही सुचत नाही रे. निकालपत्रावर विभागवार शेरे येतात, तिथे या दोन विभागांपुढे "सुधारणेची गरज" लिहिलेलं मी बराच वेळ बघत बसलो होतो. प्रत्येक विभागात वेगळं पास व्हावं लागत नाही, एकूण गुण धरतात. पण एवढा मोठा खड्डा बाकीच्यांनी किती भरून काढायचा? आणि गाइडची आवृत्ती ताजी आहे का तेवढं आधी बघून घे, त्यात बदल होत असतात.

तू चॅटबॉटकडून प्रश्न काढून घेतोयस असं लिहिलंयस. मीही घेतले. आयडिया चांगली आहे, पण त्याच्या उत्तरपत्रिकेवर डोळे मिटून विश्वास ठेवू नकोस. मला त्याने एकदा विषयांचं वजन असं सफाईने सांगितलं की मी वेळापत्रकच त्यावर आखलं. पुढे गाइड उघडलं तेव्हा एकही आकडा जुळेना. हॅल्युसिनेशनची (मॉडेलने खोटी गोष्ट ठामपणे सांगण्याची) व्याख्या पाठ करता करता मी स्वतःच त्याला बळी पडलो होतो. त्यामुळे त्याला परीक्षक कर, शिक्षक करू नकोस. "मी रॅग समजावून सांगतो, तू माझ्या चुका काढ" असं सांग, आणि जिथे वाद होईल तिथे मूळ डॉक्युमेंटेशन उघड. ऑफिसचे कागद मात्र सरावासाठीही त्यात टाकू नकोस. असं करू नये हे कळावं म्हणूनच तर तुम्हाला परीक्षेला बसवतायत.

"खरे प्रश्न" म्हणून कोणी पीडीएफ फिरवत असेल तर हातही लावू नकोस. नियमांत ती सरळ फसवणूक धरतात आणि मिळालेलं सर्टिफिकेट काढून घेऊ शकतात. शिवाय त्यातली उत्तरं कोणी अज्ञात इसमाने अंदाजाने भरलेली असतात.

प्रत्यक्ष परीक्षा: ९० मिनिटं, ६५ प्रश्न. यातले १५ प्रश्न गुणांत धरत नाहीत, पण ते कोणते हे कळत नाही. मी एका विचित्र प्रश्नावर सहा मिनिटं डोकं फोडलं, तो कदाचित त्या पंधरांतलाच असेल. तू खूण करून पुढे सरक. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून रिकामा एकही सोडायचा नाही. आणि प्रश्नाची शेवटची ओळ आधी वाच. "सर्वात कमी देखभालीत" किंवा "सर्वात कमी खर्चात" असं काहीतरी तिथे दडलेलं असतं, आणि त्या दोन सख्ख्या भावांतला कोण हे त्यावरच ठरतं. परीक्षा इंग्रजीत देणार असशील तर मातृभाषा इंग्रजी नसलेल्यांना अर्धा तास जास्त मिळतो, पण तो तारीख घेण्याआधी मागून घ्यावा लागतो. मला हे परीक्षा झाल्यावर कळलं.

घरून देणार असशील तर ऑफिसचा लॅपटॉप वापरू नकोस. त्यावरचे व्हीपीएन आणि बंधनं परीक्षेच्या सॉफ्टवेअरला अडवतात, आणि ऐन वेळी आयटीवाल्यांच्या नावाने शंख करून काही होत नाही. ओळखपत्रावरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळतंय ना, तेवढं आजच बघ. टेबल मोकळं, फोन लांब. आणि तुला माहीत आहेच, मला वाचताना ओठ हलवायची खोड. पंधराव्या प्रश्नाला पर्यवेक्षकाचा संदेश आला, मोठ्याने वाचू नका. मी घाबरून तोंड आवळून बसलो, आणि पुढचे दहा प्रश्न मला काही केल्या समजेनात! दुसऱ्या खेपेआधी मी आठवडाभर तोंड मिटून वाचायचा सराव केला. घरच्यांना वाटलं मी रुसलोय. शाळेत शेजारी बसून तू माझ्या याच पुटपुटण्यावर उत्तरं लिहायचास, तेव्हा तुझीही खोड तपासून घे.

दुसऱ्या वेळी मी नवीन कोर्स घेतला नाही. रोज रात्री पाऊण तास, कोरा कागद, त्या दिवशीचा विषय न बघता लिहायचा, मग गाइडशी ताडून लाल पेनाने दुरुस्त करायचा. चुकलेला प्रश्न वहीत जायचा, आणि त्याच्याखाली "मी दुसरा पर्याय का निवडला" हे लिहायचं. बरोबर उत्तर लिहिण्यापेक्षा हे जास्त लाजिरवाणं असतं, म्हणून जास्त लक्षात राहतं. पहिला आठवडा फार वाईट गेला. वाचताना जे सगळं येत होतं त्यातलं निम्मं कागदावर उतरेना. तुझंही तसंच होईल. तेव्हा फोन कर, पण कोर्सची नवी लिंक शोधत बसू नकोस.

ती वही सोबत पाठवतोय. सगळं पेन्सिलीत आहे, हवं ते खोड. एकतिसाव्या पानावर प्रिसिजन-रिकॉलची नोंद दोनदा दिसेल. वरची मी दुसऱ्यांदासुद्धा उलटी लिहिली होती. खालची बरोबर आहे.

तारीख पक्की झाली की कळव. घरी सगळ्यांना नमस्कार.

तुझाच,
शेजारच्या बाकावरचा