चौकावर पत्रा घालू नये, ही विनंती

प्रति,
मा. अध्यक्ष,
रहिवासी संघ, इंदूर

विषय : इमारतीच्या मधल्या चौकावर पत्रा घालणे व गच्चीवर फ्लडलाइट बसवणे याबाबतचा ठराव

सप्रेम नमस्कार वि. वि.

गेल्या रविवारच्या मीटिंगमध्ये माझा हात वर होता. पण टँकरच्या बिलावरून जो गदारोळ झाला, त्याच्या शेपटीला बांधून चौकाचा ठराव दोन मिनिटांत पास झाला आणि चहा आला. तेव्हा बोलायचं राहिलं ते आता लिहितो. मराठीत लिहितोय कारण आपण आणि सचिव दोघंही मराठी. खजिनदारसाहेबांसाठी सूनबाई हिंदी प्रत करून देणार आहे.

तक्रार नाकारत नाही. कबुतरांनी उच्छाद मांडलाय, पावसाळ्यात तळमजल्यावरच्या काकूंच्या दारापर्यंत पाणी उडतं, आणि वरून कोण चहापत्ती टाकतं ते आपल्या सगळ्यांना माहीत असून कोणी बोलत नाही. काहीतरी करायलाच हवं. पण पत्रा हा त्यावरचा इलाज नव्हे.

चौतीस वर्षं मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. कॉम्प्युटर येण्याआधीची गोष्ट. ट्रेसिंग पेपर, टी-स्क्वेअर, आणि चुकलं की ब्लेडनं शाई खरवडणं. बोर्ड कुठं लावायचा हे पहिल्याच दिवशी शिकवलं गेलं : उजेड डाव्या हातानं आला पाहिजे, नाहीतर आपल्याच हाताची सावली रेघेवर पडते. तेव्हापासून कुठल्याही घरात गेलो की नजर आधी उजेड कुठून येतोय तिकडे जाते. सौ. म्हणते, लोकांच्या घरी जाऊन खिडक्या बघत बसू नका.

आपल्या मल्टीच्या, म्हणजे या बहुमजली इमारतीच्या, मंजूर नकाशात त्या जागेवर 'ओपन टू स्काय' असं लिहिलेलं आहे. आपण तिला डक्ट म्हणतो, पण तो चौक आहे. सगळ्या घरांची मागची अंगं, म्हणजे स्वयंपाकघरं, न्हाणीघरं आणि जिना, तिथूनच श्वास घेतात. मल्हारगंजात माझ्या आजोळचा वाडा होता. त्यातलं माजघर भर दुपारीही अंधारं असायचं, पण चौक होता म्हणून घर चालायचं. तांदूळ निवडणं, वेणीफणी, मुलांचा अभ्यास, सगळं चौकाच्या कडेला. कवडसा जसा सरकेल तशी आजीची चटई सरकायची. बिल्डरनं आपल्यासाठी तसं काही सुंदर केलं नाही, पण निदान आभाळाचा तुकडा सोडला.

ठरावाच्या दुसऱ्या दिवशी कंत्राटदारानं मापं घ्यायला म्हणून चौकावर निळी ताडपत्री ताणली आणि ती दोन दिवस तशीच राहिली. ही संधी मी सोडली नाही. नातवाच्या मोबाइलवर उजेड मोजायचं अ‍ॅप आहे. ते काही प्रयोगशाळेतलं मीटर नव्हे, पण तोच फोन, तीच जागा, तीच वेळ असली तर फरक कळतो. आमच्या पहिल्या मजल्यावरच्या ओट्यावर सकाळी अकरा वाजता, दिवा बंद ठेवून, एरवी १९० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास आकडा येतो. ताडपत्रीखाली तो १२ आला. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत दिवसाच्या उजेडाचा हिशोब आहे : बाहेर आभाळाचा उजेड ८००० लक्स धरायचा, आणि त्याच्या अडीच टक्के, म्हणजे २०० लक्स, स्वयंपाकघरात पोचला पाहिजे. म्हणजे आज आम्ही काठाच्या जरासेच खाली आहोत. पत्रा पडला की पार नापास.

आता सूर्याचं बघा, कारण मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं की "खालच्यांना तसंही ऊन मिळत नाही." अर्धं खरं आहे. इंदूर २२.७ अक्षांशावर आहे आणि कर्कवृत्त उज्जैनच्या थोडं उत्तरेहून जातं. त्यामुळे जूनमध्ये भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. उज्जैनच्या वेधशाळेत २१-२२ जूनला लोक सावली नाहीशी होताना बघायला जमतात, तोच सूर्य त्याच दिवसांत आपल्या चौकाच्या फरशीपर्यंत उतरतो. डिसेंबरात मात्र दुपारी बारालाही तो जेमतेम ४४ अंशांवर असतो. आपला चौक दक्षिणोत्तर ६ मीटर. हिशोब केला तर ऊन गच्चीच्या कठड्यापासून ६ मीटरही खाली येत नाही : चौथा मजला आणि तिसऱ्याचा अर्धा, बस. त्याखालच्यांना हिवाळाभर मिळतो तो उन्हाचा नव्हे, आभाळाचा उजेड, आणि तोही भिंतींवर आपटत आपटत.

आणि इथंच माझं पहिलं गाऱ्हाणं पत्र्याबद्दल नाही, भिंतींबद्दल आहे. पांढरी स्वच्छ भिंत तिच्यावर पडलेला साधारण ८० टक्के उजेड परत टाकते. आपल्या चौकाच्या भिंती कधीकाळी पिवळ्या होत्या, आता त्यांचा रंग सांगता येत नाही. ४० टक्के परत टाकत असतील तर खूप झालं. उजेड खाली येईपर्यंत तीन वेळा उसळला असं धरा. पांढऱ्या भिंतीवर १०० पैकी ५१ उरतो. आपल्या भिंतीवर ६. पत्र्याच्या कोटेशनच्या बऱ्याच कमी पैशांत चौक आतून पांढरा होईल आणि खालच्या दोन मजल्यांची स्वयंपाकघरं बदलून जातील. हे काम तर दिवाळीआधी व्हायलाच हवं होतं.

"मग दिवे लावू ना, एलईडीला वीज किती लागते," असंही कोणीतरी म्हणालं. जिन्यात आणि पॅसेजमध्ये १८ वॉटचे १६ दिवे, दिवसाचे ११ तास : महिन्याला ९५ युनिट. आकडा फार मोठा नाही, हे मी कबूल करतो. पैसा हा माझा मुद्दाच नाही.

मुद्दा असा की ट्यूबचा उजेड आणि आभाळाचा उजेड ही एकच वस्तू नाही. सौ. घरी फॉल-पिकोचं काम करते, हे मल्टीतल्या निम्म्या घरांना माहीत आहे. ताडपत्रीच्या त्या दोन दिवसांत तिनं ट्यूबखाली एका महेश्वरीला फॉल लावला. गच्चीत नेऊन बघते तर साडी वांगी रंगाची आणि फॉल चॉकलेटी. पूर्ण उसवावा लागला. तिचा दोष नाही. स्वस्त एलईडीत निळा भरपूर असतो आणि गडद लाल अगदी कमी. जो रंग दिव्यातच नाही तो कापडावरून डोळ्यापर्यंत येणार कुठून? दोन कापडं एका दिव्याखाली जुळी दिसतात आणि उन्हात एकमेकांना ओळखतही नाहीत.

माझे वडील कापडाच्या मिलमध्ये होते. लहानपणी डबा द्यायला जायचो तेव्हा साळखात्याचं (म्हणजे विणकामाच्या खात्याचं) ते करवतीच्या दातांसारखं छप्पर मला फार गमतीचं वाटायचं. नंतर ऑफिसात त्याचं कारण कळलं. प्रत्येक दाताची उभी बाजू काचेची आणि उत्तरेकडे तोंड केलेली, म्हणजे ऊन आत न येता दिवसभर एकसारखा उजेड मागावर पडायचा. तुटलेला धागा आणि चुकलेला रंग त्याच उजेडात सापडायचा. (आपल्याकडे उन्हाळ्यात सूर्य सकाळ-संध्याकाळ थोडा उत्तरेला सरकतो, तेव्हा त्या काचांतूनही तिरीप यायची, वडील म्हणायचे, जून आला की डोळे किलकिले.) विजेचे दिवे मिलमध्येही होते. तरी छपराचा एवढा खर्च मालकांनी केला, तो काही हौसेनं नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या वयाची. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्याच्या मानानं साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. समितीत सगळे चाळिशीच्या आतबाहेरचे आहेत, म्हणून सांगितलं.

जिन्याचंही तसंच. मे महिन्यात दुपारी बाहेर लाखभर लक्स असतात. तिथून माणूस आत येतो, डोळे अजून बाहेरच्या उन्हाला सरावलेले, आणि पहिल्या सहा पायऱ्या त्याला दिसतच नाहीत. दोनशे तीनवाल्या काकू तिसऱ्या पायरीवर पडल्या त्या रात्री नव्हे, दुपारी दीडला. म्हणून प्रवेशाशी उजेड रात्रीपेक्षा दिवसा जास्त लागतो. उलटं वाटतं, पण तसंच आहे. आज ते काम चौक फुकटात करतो. पत्रा घालून आपण दिवसा तिथं अंधार करणार आणि रात्री फ्लडलाइटनं डोळे दिपवणार.

पत्रा पारदर्शक घालू, ही सूचनाही आली होती. प्लॅस्टिकची शीट उन्हानं पिवळी पडते, वर धूळ आणि कबुतरं आहेतच, आणि ती धुवायला चढणार कोण? पण त्याहून गंभीर गोष्ट वेगळी आहे. निदान सहा घरांच्या न्हाणीघरांत गॅस गिझर आहेत आणि त्यांचा धूर चौकातच जातो. स्वयंपाकघरांचे पंखेही तिथंच फेकतात. वरून झाकण लावलं तर तो वायू जाणार कुठं? कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि बंद जागेत गिझर लावून माणसं गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. उद्या जिन्यात आग लागली तर धूर बाहेर पडायची वाटही हीच. शिवाय मंजूर नकाशात जे उघडं आहे ते झाकायचं तर महानगरपालिकेला विचारावं लागेल. ते आपण विचारलंय का?

आता फ्लडलाइट. २०० वॉटचे चार, पांढरेशुभ्र, गच्चीच्या चार कोपऱ्यांत. चोराच्या भीतीनं, हे समजतं. पण असा दिवा डोळ्यांत घुसला की त्याच्या शेजारची सावली आणखी काळी होते आणि चोराला उभं राहायला तीच जागा बरी. समोरच्या मल्टीच्या झोपायच्या खोल्या त्या झोतात येतील. रात्रीचा निळसर प्रखर उजेड झोपेलाही वाईट, आणि पावसाळ्यात पाखरांचं जे मोहोळ उठेल ते वेगळंच. त्यापेक्षा फाटकापाशी, पार्किंगमध्ये आणि जिन्याच्या वळणावर ३००० केल्विनचे पिवळसर दिवे लावा, तोंड खाली, वर टोपण, आणि माणूस आला की पेटणारा सेन्सर. दिवा अचानक पेटला की चोर दचकतो. रात्रभर जळणाऱ्याची त्याला सवय होते.

आपल्याच गावात याचा उत्तम नमुना होऊन गेला, म्हणून जरा विषयांतर करतो. महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी बर्लिनच्या एकार्ट मुथेसियसकडून माणिकबाग बांधून घेतला, १९३० च्या सुमारास. मुथेसियस तेव्हा पंचविशीतला पोरगा. त्यानं तिथल्या वाचायच्या खुर्च्या अशा केल्या की दिवे खुर्चीतच बसवलेले. वाचणारा जिथं बसणार तिथंच आणि तेवढाच उजेड. राजाला काय, अख्खं दालन झगझगीत करता आलं असतं. आज त्या वास्तूत केंद्रीय कराचं कार्यालय आहे आणि बरंचसं सामान लिलावांतून जगभर गेलं, पण त्या खुर्च्यांचे फोटो मी अजूनही जपून ठेवलेत. आणि महाराजांचं उदाहरण परकं वाटत असेल तर अरण्य वसाहत बघा. बाळकृष्ण दोशींची, याच इंदुरातली, १९९५ चा आगाखान पुरस्कार मिळवलेली. तिथं सगळ्यात गरीब घराला ३५ चौरस मीटरचा प्लॉट होता आणि तरीही घरामागे अंगण सोडलं होतं. आमच्या फ्लॅटचं क्षेत्रफळ त्याच्या दुपटीहून जास्त आहे आणि आम्ही आभाळ झाकायला निघालोय!

अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतल्या झांक्या, म्हणजे दिव्यांनी सजवलेले देखावे, आठवा. वडिलांच्या खांद्यावर बसून आम्ही मिलच्या झांकीची वाट बघायचो. रस्ता काळोखा असायचा म्हणून ती लांबून येताना अंगावर काटा यायचा. हल्ली दुकानांच्या पाट्याच इतक्या झगमगतात की झांकी समोर येऊन उभी राहीपर्यंत कळत नाही.

असो. कबुतरांसाठी नायलॉनची जाळी, चौकटीत घट्ट ताणून, गच्चीच्या पातळीवर. तिनं उजेड फारसा अडत नाही आणि वाराही अडत नाही. पाण्यासाठी काकूंच्या दारावर अडीच फुटांचा छज्जा आणि चौकाच्या फरशीला नाळीकडे उतार, जो बिल्डरनं द्यायला हवा होता. चहापत्तीसाठी मात्र माझ्याकडे उपाय नाही, ते आपणच त्यांना सांगा. हे सगळं करून पैसे उरले तर भिंतींना दुसरा हात द्यावा.

कंत्राटदार सोमवारी येणार असं ऐकतो. त्याआधी, येत्या रविवारी सकाळी अकराला, आपण आणि सचिव आमच्याकडे या. पोहे होतील. ट्यूब बंद करून दहा मिनिटं ओट्यापाशी उभं राहू, मग तळमजल्यावर काकूंकडे जाऊ, मग गच्चीवर. आपला फ्लॅट चौथ्या मजल्यावर रस्त्याच्या बाजूला आहे, त्यामुळे चौक खालून कसा दिसतो हे बघायचा योग आपल्याला आला नसेल. येताना गच्चीची किल्ली आणावी, ती खजिनदारसाहेबांकडे असते. टेप माझ्याकडे आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक सभासद
फ्लॅट क्र. १०३